लिव्हरसाठी ट्रिपल फेज सीटी का सांगतात? साधा सीटी केला तर चालणार नाही का?

तुमच्या वडिलांना सिरोसिस (लिव्हर कडक, खराब होण्याचा आजार) आहे, सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची गाठ दिसली आणि डॉक्टरांनी ट्रिपल फेज सीटी लिहून दिला. एकच पोट तीनदा स्कॅन करून बिल वाढवतात का, आणि ड्युअल एनर्जी मशीन असलेलं सेंटर शोधावं का, असं तुम्ही विचारलंय. मी सीटी टेक्निशियन आहे, लिव्हरचे स्कॅन रोजचेच. शंका रास्त आहे, पण या केसमध्ये ट्रिपल फेजच हवा.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं. साधारण पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून आणि पाव हिस्सा हिपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून. लिव्हरमध्येच उगवणारा कॅन्सर, म्हणजे एचसीसी, मात्र मुख्यतः आर्टरीच्या रक्तावर पोसला जातो. हाताच्या शिरेतून दिलेला आयोडीनचा डाय आर्टरीत आधी पोचतो, पोर्टलमध्ये नंतर. म्हणून ३५ ते ४० सेकंदांच्या सुमाराला (आर्टेरियल फेज) स्कॅन घेतला की अशी गाठ पांढरी उठून दिसते, भोवतीचं लिव्हर अजून उजळलेलं नसतं. ७० सेकंदांच्या आसपास (पोर्टल फेज) लिव्हर भरून उजळतं. ३ ते ५ मिनिटांनी (डिलेड फेज) पाहावं तर तीच गाठ लिव्हरपेक्षा काळी पडलेली. रिपोर्टात याला ‘वॉशआउट’ म्हणतात. सिरोसिसच्या पेशंटमध्ये आधी उजळणं आणि मग काळं पडणं ही जोडी नीट दिसली, तर बरेचदा बायोप्सी न करताही निदान पक्कं होतं. रिपोर्टात ‘एलआर-५’ (म्हणजे नक्की एचसीसी) वगैरे जे लिहितात ते यावरूनच. उलट हिमँजिओमा ही निरुपद्रवी गाठ कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळते आणि सावकाश मध्यापर्यंत भरत जाते. एकाच वेळच्या फोटोत हा फरक कळायचा कसा?

सरसकट सगळ्यांना ट्रिपल फेज लागतो असं मात्र नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या फॉलोअपला बहुधा एकटा पोर्टल फेज पुरतो. उगाच जास्त रेडिएशन कशाला?

खरी परीक्षा असते ती पहिल्या फेजच्या वेळेची. प्रत्येकाचं हृदय सारख्या वेगाने रक्त ढकलत नाही, त्यामुळे घड्याळ लावून चालत नाही. आम्ही पोटातल्या महाधमनीवर एक छोटं वर्तुळ ठेवतो आणि डाय सुरू झाला की तिथलं रक्त किती उजळलं ते सांगणारा स्क्रीनवरचा आकडा बघत बसतो. ४०, ४५, ७०, मग एकदम वर. १५० च्या आसपास गेला की अजून १५-२० सेकंद थांबायचं, ‘श्वास घ्या, रोखून धरा’ आणि स्कॅन. लवकर घेतला तर गाठ उजळलेलीच नसते, उशीर झाला तर लिव्हरही उजळून ती त्यात बुडते.

म्हणूनच मशीनच्या जाहिरातीपेक्षा सेंटरला लिव्हरचा सराव आहे का, ते मी बघेन. ड्युअल एनर्जीचा फायदा खरा आहे. एक्स-रेच्या दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर माहिती घेतल्याने आयोडीन वेगळं काढता येतं. बारीक गाठी जास्त ठळक दिसतात, आणि डायविना घ्यायचा प्लेन स्कॅन कधीकधी कॉम्प्युटरवरच तयार करता येतो, म्हणजे तेवढं रेडिएशन वाचतं. एक्स-रेचा एकेक कण मोजणारा फोटॉन काउंटिंग सीटी त्याच्याही पुढचा. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पण २ सेंटिमीटरच्या गाठीसाठी साध्या ६४ स्लाइस मशीनवर नीट वेळ साधलेला स्कॅन पुरेसा आहे. महागड्या मशीनवर आर्टेरियल फेज चुकला तर तिचा काही उपयोग नाही.

जाण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, दमा किंवा आधी कधी डायची ॲलर्जी झाली असेल तर आधीच सांगा. डाय सेकंदाला ४-५ मिलीच्या वेगाने प्रेशर इंजेक्टरमधून जातो, त्यामुळे कोपराच्या खळग्यातल्या शिरेत हिरवी किंवा गुलाबी इंट्राकॅथ (सलाइनची सुई) लागते, ती जाड असते. मनगटावर आधीची निळी, बारीक असली तर ‘हीच वापरा ना’ असा आग्रह धरू नका. डाय जाताना अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, पण वडिलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते नेमके तेव्हाच हलतात. आणि घरी १५ सेकंद श्वास रोखायची सवय करून घ्या. पोटात पाणी असलेल्या पेशंटला हे जड जातं, तसं असेल तर टेक्निशियनच्या कानावर घाला.

रिपोर्टबरोबर फिल्मच नाही, सीडीही मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना तिन्ही फेज शेजारी-शेजारी लावून बघता येतात, आणि तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन सांगितला तर तुलना तिच्याशीच होते.