मिरीच्या कुळातल्या वनस्पतीतून जिवाणूरोधक संयुग वेगळं कसं काढतात?

पानं सावलीत वाळवून पूड करा आणि हेक्झेन, इथाइल अ‍ॅसिटेट, मिथेनॉल अशा चढत्या ध्रुवीयतेच्या (आधी तेलकट, मग पाण्यात मिसळणारे घटक ओढणाऱ्या) द्रावकांत एकामागोमाग एक भिजवा. द्रावक उडवला की उरतो तो अर्क. इथून पुढे नियम एकच: प्रत्येक टप्प्यावर जिवाणूंवर चाचणी घ्यायची आणि ज्या भागात परिणाम दिसेल तोच पुढे न्यायचा.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती बायोऑटोग्राफी. टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर) अर्काचे घटक वेगळे करायचे, द्रावक पूर्ण उडू द्यायचा, मग जिवाणू मिसळलेल्या आगरचा (जिवाणू वाढवायच्या जेलीचा) पातळ थर ओतून रात्रभर ठेवायचं. नंतर एमटीटी हे पिवळं रंगद्रव्य फवारलं की जिवंत जिवाणू जांभळे होतात. जिथे फिकट डाग राहतो तिथे तुमचं संयुग. तेवढाच भाग सिलिका कॉलमवर (सिलिका भरलेल्या नळीतून) शुद्ध करा. रचना एनएमआर (रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणारी तपासणी) आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूचं वजन मोजून) ठरते.

फक्त डिस्क पद्धतीवर (अर्कात भिजवलेली कागदी चकती आगरवर ठेवण्यावर) विसंबू नका. या कुळातली बरीच संयुगं तेलकट असतात, आगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे चांगला घटकही निकामी वाटतो. द्रव माध्यमात एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा) काढा, आणि नुसत्या डीएमएसओचं (अर्क ज्यात विरघळवतो त्या द्रावकाचं) नियंत्रण ठेवाच.

विड्याच्या पानातलं हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल स्वतः जिवाणू मारतं. मिरीतलं पायपरीन (1819 मध्ये ओर्स्टेडने वेगळं केलेलं) त्या मानाने दुबळं. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस या रोगकारक जिवाणूमधला औषध बाहेर फेकणारा नोरए पंप ते अडवतं, म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा प्रभाव वाढतो. तेव्हा अर्क एकट्याने चालला नाही तरी प्रतिजैविकासोबत तपासून बघा.