रेंडरमध्ये लाइट फिक्स्चरची नको असलेली सावली कशी घालवावी?

तुमचा प्रश्न असा: स्केचअपमध्ये हॉलचं थ्रीडी मॉडेल तयार आहे, व्ही-रेनं रेंडर करताय, म्हणजे त्यावरून फोटोसारखी इमेज काढताय, झुंबराची आणि डाउनलाइटची (छतात बसवलेल्या लाइटची) काळी सावली छतावर-भिंतीवर पडतेय, क्लायंटला इमेज उद्या द्यायचीय आणि ती सावली ‘कशीही करून’ घालवायची आहे. हे ‘कशीही करून’ वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

झटपट उत्तर आधी देते. लाइट निवडा, ऑप्शनमधली ‘शॅडोज’ची खूण काढा, सावली गेली. पण मग तो उजेड सोफ्यातून, टीपॉयमधून, भिंतीतूनसुद्धा आरपार जातो. सोफ्याखालची फरशी उजळते, फर्निचर जमिनीला टेकल्यासारखं वाटत नाही, बेडरूमचा लाइट हॉलमध्ये उतरतो. मग लोक विचारत बसतात की रेंडर खोटं खोटं का दिसतंय. ही खूण काढणं म्हणजे इलाज नाहीच.

सावली आधी ओळखायची. एक खोटी असते, मॉडेल चुकल्यामुळे पडलेली, प्रत्यक्षात कधीच न पडणारी. दुसरी खरी असते, घर तसंच बांधलं तर तिथं तशीच पडणारी. खोटी काढून टाकायची. खरी दिसली तर सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, ड्रॉइंग बदलायचं.

खोटी सावली बहुतेक वेळा फिक्स्चरच्या स्वतःच्याच अंगाची असते. कुठून तरी झुंबराचं आयतं मॉडेल उतरवलेलं असतं, बल्बच्या पोटात लाइट ठेवलेला असतो आणि बल्बच्या काचेला नुसता पांढरा रंग दिलेला असतो. सॉफ्टवेअरच्या लेखी ती काच नाही, ती भिंत आहे, उजेड बाहेर येणार कुठून? काचेला काचेचं मटेरियल द्या आणि रिफ्रॅक्शनमधलं (काचेतून उजेड जाण्याच्या सेटिंगमधलं) ‘अफेक्ट शॅडोज’ चालू ठेवा. नाहीतर सरळ बल्बचं मॉडेल काढा आणि त्याच मापाचा स्फिअर लाइट, म्हणजे गोळ्याच्या आकाराचा लाइट, तिथं बसवा. मी दुसरंच करते, रेंडरही लवकर होतं.

माप म्हटलं तर ते खऱ्या बल्बचंच हवं. घरात लावतो तो साधा एलईडी बल्ब ६० मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्रिज्या ३०. लोक ती ५ वर ठेवतात आणि सुरीनं कापल्यासारख्या सावल्या बघून घाबरतात. दुधी काचेचा ३०० मिलिमीटरचा गोळा असेल तर उजेड त्या अख्ख्या गोळ्यातून येतो, तिथं त्रिज्या १५० द्या. सावलीच्या कडा आपोआप मऊ होतात.

आता आयईएस फाइलचं, कारण इथं चांगले चांगले शिकलेले लोक अडकतात. आयईएस फाइल म्हणजे अख्खं फिक्स्चर, त्याच्या रिफ्लेक्टरसकट आणि कडेच्या रिंगसकट, प्रयोगशाळेत मोजून लिहिलेला उजेड. फिक्स्चरचं अंग जेवढा उजेड अडवतं तेवढा त्या आकड्यांमध्ये आधीच वजा झालेला असतो. असं असताना तो लाइट तुम्ही डाउनलाइटच्या डब्याच्या आत खोल ठेवला तर तोच डबा तोच उजेड पुन्हा एकदा अडवतो. भिंतीवरचा कापलेला कंस, छताजवळची काळी पट्टी, हे सगळं तिथून येतं. लाइट फिक्स्चरच्या तोंडाच्या थोडा खाली आणा, काही मिलिमीटर पुरतात. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्येही हेच, फॅमिलीत (फिक्स्चरच्या तयार मॉडेलमध्ये) जाऊन लाइट सोर्स खाली सरकवायचा. तुमच्या डाउनलाइटचा त्रास बहुधा याच कारणाचा आहे.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मी पूर्वी बेळगावातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात रेंडरचं काम करत होते. अनगोळमधल्या एका काकांचं घर होतं. निवृत्त शिक्षक, आयुष्यभराची पुंजी घालून बांधत होते. हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग, मधोमध गोल, गोलाच्या मध्यावर पंखा आणि गोलाच्या कडेनं चार डाउनलाइट. हे डिझाइन तुम्ही शंभर घरांत बघितलं असेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, म्हणून हवा तशी थंड. शहापुरातल्या आमच्या कौलारू घरात पंखा कधी नव्हताच, त्याची गरज पडली नाही. आता स्लॅबच्या घरात प्रत्येक खोलीत पंखा लागतो, पण लाइटच्या जागा ठरवताना कुणाच्या डोक्यात पंखा नसतो. सीलिंगचं डिझाइन एकीकडे होतं, पंख्याचा हूक दुसरीकडे ठरतो.

मी रेंडर लावलं तर सोफ्यावर, फरशीवर, टीव्हीच्या भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर पंख्याच्या पात्यांच्या काळ्या पट्ट्या. तपासलं. लाइट पंख्याच्या मध्यापासून ५०० मिलिमीटरवर होते. पंखा नेहमीचा, १,२०० मिलिमीटरचा, म्हणजे पातं ६०० पर्यंत पोचतं. चारही लाइट थेट पात्यांच्या डोक्यावर! सावली शंभर टक्के खरी होती.

आमच्या आर्किटेक्ट सरांना दाखवलं. म्हणाले, “सावली काढून टाक की. क्लायंटला उजेड दाखवायचा असतो.”

मी म्हटलं, “सर, पंखा सुरू झाला की ही सावली फिरणार. लाइट बाहेर सरकवूया, अजून सीलिंगचं काम सुरू झालं नाही.”

“अगं, रेंडर बघून कोण घर बांधतं? कशाला एवढं मनावर घ्यायलीस?”

शॅडोजची खूण काढायला लावली. हॉल लख्ख. काकांना आवडला, काकूंना आवडला, तीच इमेज छापून घेतली आणि त्याच ड्रॉइंगवर सीलिंग झालं.

वास्तुशांतीला आम्हाला बोलावणं होतं. संध्याकाळी माणसं जमली, उकडायला लागलं, पंखा लावला आणि अख्खा हॉल लपलपायला लागला. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे फिरला तरी सेकंदाला १५ वेळा उजेड कापला जातो. डोळ्याला सगळ्यात जास्त खुपणाऱ्या वेगांपैकी हा एक. काकांच्या आईनं पदर डोळ्यावर घेतला. इलेक्ट्रिशियन अण्णा तिथंच होते, त्यांनी वर बघितलं आणि एक लाइट बंद, मग दुसरा, असं करत चारही बंद केले. मग थांबली लपलप. काका मला म्हणाले, “पोरी, चित्रात असं काही नव्हतं बघ.”

त्यांना काय सांगणार? चित्रात होतं, ते आम्ही पुसलं होतं, आणि हे सांगायचा अधिकार मला ऑफिसनं दिलेला नव्हता. पुढं त्या हॉलच्या भिंतीवर एक उघडी ट्यूब लागली. पीओपी तसंच, डाउनलाइट तसेच, पैसे गेले ते गेले. सरांनी पुढच्याच कामात तोच गोल आणि तेच चार लाइट काढले. मी ते ऑफिस सोडलं. आता स्वतःची कामं घेते, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची, आणि प्रत्येक कामात पंखा मॉडेलमध्ये घातल्याशिवाय लाइट ठेवत नाही.

हिशोब सोपा आहे, करून ठेवा. पातं लाइटच्या ३०० मिलिमीटर खाली आहे आणि लाइटचा बीम, म्हणजे उजेडाचा झोत, ६० अंशांचा आहे असं धरा. पात्याच्या पातळीवर तो शंकू मध्यापासून साधारण १७५ मिलिमीटर पसरतो. पात्याची पोच ६०० आहे, म्हणून लाइट पंख्याच्या मध्यापासून किमान ७७५ वर हवा. बीमचा कोन मोजतात तो उजेड निम्मा होतो तिथपर्यंत, त्याच्या पलीकडेही उजेड सांडतोच, म्हणून मी ९०० च्या आत कधी ठेवत नाही. १२० अंशांचं पसरट पॅनेल असेल तर हाच आकडा १,१०० च्याही पुढं जातो. जागा नसेल तर पंख्याभोवती डाउनलाइट लावूच नयेत, कोव्हमध्ये (सीलिंगच्या कडेच्या खाचेत) लाइटची पट्टी लावावी, भिंतीवर लाइट द्यावा.

काही जण पंख्याला मोशन ब्लर देऊन, म्हणजे तो फिरताना पुसट दिसेल असं करून, मोकळे होतात. त्यानं सावली विरते, फरशीवर फिकट चकती राहते आणि इमेज सुंदर होते. घरात राहणाऱ्याला ती चकती दिसणार नाही, लपलप दिसणार. क्लायंटला दाखवायच्या इमेजमध्ये मी पंखा थांबलेलाच ठेवते.

तुमच्या झुंबराकडे येते. झुंबराला सहा-आठ बल्ब असतील तर प्रत्येक बल्ब प्रत्येक दांडीची सावली छतावर टाकणार, आणि खरं झुंबरसुद्धा हेच करतं. बल्बची त्रिज्या ३० केल्यावरही त्या रेघा उरल्या तर त्या खऱ्या आहेत. झुंबर छतापासून आणखी खाली सोडून बघा, रेघा फिकट होतात. क्लायंटला तेही नको असेल तर दुधी काचेच्या शेड असलेलं झुंबर सुचवा. त्यानं त्यांच्या घरातही फरक पडेल.

कुठल्या लाइटमुळे काय पडतंय हेच कळत नसेल तर व्ही-रे ५ पासून लाइटमिक्स आहे, रेंडर झाल्यावरही लाइट वेगवेगळे बंद-चालू करायची सोय. एकदाच रेंडर करा आणि एकेक लाइट बंद-चालू करून बघा. कुठलाही लाइट बंद केला तरी काळे डाग राहिले, पुन्हा रेंडर केल्यावर जागा बदलत राहिले, तर ती सावली नाही, जीआयचे (भिंतींवरून परतून पसरणाऱ्या उजेडाच्या हिशोबातले) डाग आहेत. तिथं क्वालिटी वाढवायची, लाइटला हात लावायचा नाही. रेक्टँगल लाइट छताच्या पृष्ठाला अगदी चिकटून ठेवला असेल तरीही असेच डाग येतात, तो दोन-पाच मिलिमीटर खाली घ्या.

आता ज्यांना वाटतंय मी सावली कधीच काढू देत नाही, त्यांच्यासाठी. फिक्स्चरचं अंगच आड येत असेल आणि लाइट हलवता येत नसेल तर फक्त त्या एका वस्तूची सावली बंद करायला हरकत नाही. थ्रीडीएस मॅक्समध्ये ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमधलं ‘कास्ट शॅडोज’ काढा, किंवा लाइटच्या एक्स्क्लूड यादीत ती वस्तू टाकून फक्त शॅडो कास्टिंग वगळा. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये ऑब्जेक्टच्या रे व्हिजिबिलिटीमधलं ‘शॅडो’ बंद करा, ४.० पासून शॅडो लिंकिंग आलंय, कुठल्या लाइटपुढं कुठल्या वस्तूची सावली पडावी हे त्यात ठरवता येतं, ते आणखी नेमकं आहे. बल्बची काच, शेडची जाळी, डाउनलाइटची रिंग, एवढ्यासाठीच हे वापरा. पंखा, छताचा बीम, लॉफ्ट, पडद्याचं पेलमेट यांची सावली बंद करू नका. आणि हे सगळं घरासाठी सांगतेय. कॅटलॉगसाठी एकट्या खुर्चीचा फोटो करत असाल तर तिथं कुणी राहायला जाणार नाही, हवं ते करा.

उद्या इमेज द्यायची आहे म्हणालात. आज रात्री फक्त दोन गोष्टी करा: डाउनलाइटचे आयईएस तोंडाच्या खाली आणा आणि झुंबरातल्या स्फिअरची त्रिज्या ३० करा. त्यानंतर जी सावली उरेल ती इमेजमध्ये राहू दे, आणि क्लायंटला इमेज देताना त्या सावलीवर बोट ठेवून सांगा की लाइट इथून हलवायचा आहे, सीलिंगवाल्याला अजून सांगता येतं.