नॉब सोडला की ओव्हन विझतो

नवरात्र संपलं की नाशिकच्या माझ्या दुकानातला फोन खणखणायला लागतो. वर्षभर ज्यात जुने तवे आणि केकची भांडी कोंबलेली असतात, तो ओव्हन लोकांना दिवाळीच्या तोंडावर आठवतो. या अंकासाठी आलेल्या पत्रांतली चार घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्या ताईंचे पैसे एकदा वाया गेलेत.

आमच्या गॅसच्या कुकिंग रेंजचे वरचे चारही बर्नर छान चालतात. खालचा ओव्हन मात्र नॉब दाबून धरला तोवर जळतो, सोडला की विझतो. इथल्या मेकॅनिकने थर्मोकपल बदलला, चौदाशे रुपये घेतले. तरी तेच. ज्योतही हल्ली पिवळट दिसते आणि मागच्या बाजूला पेटतच नाही. घराचं काम निघाल्यामुळे रेंज पावसाळाभर मागच्या पडवीत होती. मला दिवाळीला नानकटाई करायची आहे. — एक वाचक, सांगली

ताई, ज्योतीबद्दल तुम्ही जाता जाता जे लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. मेकॅनिकने ते विचारलं नसणार.

थर्मोकपल म्हणजे बर्नरच्या कडेला उभी असलेली ती पेन्सिलीच्या टोकाएवढी दांडी. दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा तापला की त्यातून किंचित वीज निघते, वीस-तीस मिलीव्होल्ट. तेवढ्यावर नॉबमागच्या व्हॉल्व्हमधला छोटा चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की दांडी गार होते, चुंबक सोडतो, गॅस बंद. म्हणून पेटवल्यावर नॉब दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा असतो.

आता, नॉब सोडल्यावर ओव्हन विझला की दहातले नऊ मेकॅनिक थर्मोकपलकडे बोट दाखवतात. मीही दाखवायचो. एकदा एका गिऱ्हाइकाचा थर्मोकपल बदलून पैसे घेऊन आलो, आणि घरी आल्यावर जुना मल्टिमीटरला लावून गॅसवर धरला तर पठ्ठ्या सव्वीस मिलीव्होल्ट दाखवतोय! त्या घरी व्हॉल्व्हकडचा नटच सैल होता, नवीन बसवताना तो आपसूक घट्ट झाला. दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे परत दिले.

तुमच्याकडे दांडी नवी आहे, पण तिला ज्योत लागतच नाही. ती बहुतेक मागच्या बाजूला असते, आणि तुमचा बर्नर नेमका मागेच पेटत नाही. न तापलेली दांडी चुंबक कसा धरणार? तेव्हा दुखणं बर्नरचं आहे. ज्योत पिवळट म्हणजे तिला हवा कमी पडतेय. आणि पावसाळाभर पडवीत म्हणाल तर मला दिसते ती कुंभारीण माशी.

निफाडच्या एका वाड्यात असाच ओव्हन पाहिला होता. बर्नर काढून नळीत टॉर्च मारला तर पलीकडचा उजेडच दिसेना. तारेने ओढलं तेव्हा अंगठ्याएवढं मातीचं घर निघालं, आत सुकलेल्या हिरव्या अळ्या ओळीने लावलेल्या. घरातले आजोबा भ्रमर-कीटक न्याय समजावून सांगायला लागले, आणि मी खाली बसून नळी घासत होतो.

तुम्हीही हे करू शकता. आधी रेग्युलेटर बंद करा, ओव्हन पूर्ण गार असू द्या, पिन प्लगमधून काढा. ओव्हनच्या तळाचा पत्रा उचला. बर्नर बहुतेक एका-दोन स्क्रूवर असतो. स्क्रू काढून बर्नर पुढे सरकवला की जेटवरून सुटतो. गॅसच्या पाइपचा एकही सांधा सोडवायचा नाही, त्याची गरजच नसते. नळीतून बाटली धुवायचा ब्रश फिरवा, भोकं तांब्याच्या बारीक तारेने मोकळी करा, बर्नर साबणाच्या पाण्यात धुऊन दिवसभर उन्हात ठेवा. आत थेंबभर पाणी राहिलं तरी ज्योत फडफडते.

जेट, म्हणजे ते पितळी नोझल, दिसेल. त्यात काही घालू नका. माझ्या वडिलांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. स्टोव्हची पिन अजूनही कुणाकुणाच्या ड्रॉवरमध्ये असते आणि लोक तीच जेटमध्ये घुसवतात. भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, भांडी काळी होतात, मग ते जेट फेकूनच द्यावं लागतं.

बर्नर परत बसवताना जेटचं तोंड नळीत सरळ बसलंय ना, हे वाकून बघा. पेटवताना दार उघडं ठेवा. काडी आधी, गॅस नंतर. दहा-पंधरा सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं दार उघडंच ठेवायचं. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खालच्या कप्प्यात साचून राहतो आणि दुसऱ्या काडीला भडका उडतो. निळी ज्योत चारी बाजूंना फिरली आणि तरीही नॉब सोडल्यावर विझली, तर दांडीचं टोक ज्योतीत येतंय का ते बघा. तेही ठीक असेल तर मेकॅनिकला व्हॉल्व्हमधला चुंबक तपासायला सांगा.

आणि एक करू नका. नॉब दाबलेला राहावा म्हणून एका घरात कपड्यांचा चिमटा आणि पुठ्ठ्याची घडी अडकवलेली मी पाहिली आहे. "चांगलं चालतंय की हो," असं वर ऐकवलं मला. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी ती एकच गोष्ट, तीच त्यांनी बांधून टाकली होती.

आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला. माणसाने शेगडीची नोझल बदलून दिली. वरचं सगळं ठीक आहे, पण ओव्हन तासभर लावला तरी पाव भाजत नाही. थर्मामीटर ठेवून पाहिलं, 130 अंशांच्या पुढे जात नाही. — एक वाचक, ठाणे

दादा, त्याने वरची नोझल बदलली, खालचं एक राहिलं. ओव्हनचं जेट तळाच्या पत्र्याखाली असतं, ते काढायला आडवं पडावं लागतं. घाईत राहून जातं.

घनफळाला घनफळ धरलं तर सिलिंडरच्या गॅसची उष्णता पाइपच्या गॅसच्या अडीचपट असते, शिवाय पाइपच्या गॅसचा दाबही कमी. म्हणून पाइपच्या गॅसला मोठ्या भोकाचं जेट लागतं. तुमच्या जुन्या बारीक जेटमधून जेमतेम धुगधुगी राहील एवढाच गॅस येतोय. मॉडेल नंबर देऊन कंपनीकडूनच जेट मागवा; काही मॉडेलना ते मिळत नाही, तिथे इलाज नाही. गल्लीत ड्रिल मारून देणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. जेट बदलल्यावर थर्मोस्टॅटचा बायपास स्क्रूही जुळवून घ्यायला सांगा, नाहीतर आच कमी केली की ओव्हन विझेल. आणि गावाला ही रेंज पाठवून परत सिलिंडरला जोडणार असाल तर आधी जुनं जेट लावा. ते काढलेलं जेट आत्ताच डबीत घालून नाव लिहून ठेवा.

इथल्या गॅस ओव्हनला काडी लागत नाही, आत एक पट्टी लाल होते आणि मग गॅस पेटतो. हल्ली पट्टी लाल होते पण चार-पाच मिनिटं काहीच होत नाही, मग भप्पकन पेटतो. पट्टी तापतेय म्हणजे ती चांगलीच ना? — एक वाचक, न्यू जर्सी

नाही, आणि इथेच सगळे फसतात. धाकट्या बहिणीकडे तिकडे गेलो होतो तेव्हा मीही पहिल्या दिवशी गॅसच्या व्हॉल्व्हला दोष दिला होता.

ती पट्टी, इग्नायटर, आणि गॅसचा व्हॉल्व्ह एकाच तारेवर एकामागोमाग असतात. पट्टीतून पुरेशी वीज गेली, साधारण तीन अँपिअरच्या वर, तरच व्हॉल्व्हमधली धातूची पट्टी तापून वाकते आणि गॅस सोडते. इग्नायटर जुना झाला की त्याचा रोध वाढतो. तो लाल तर होतो, पण वीज कमी जाते. व्हॉल्व्ह उघडत नाही, किंवा उशिरा अर्धवट उघडतो, आणि साचलेला गॅस एकदम पेटतो. तुमचा तो भप्प आवाज तोच. चांगला इग्नायटर दीड मिनिटाच्या आत गॅस पेटवतो, घड्याळ लावून बघा.

तोवर ओव्हन वापरू नका. मॉडेल नंबर दाराच्या चौकटीवर किंवा खालच्या ड्रॉवरमागे सापडेल, त्यावरून इग्नायटर मागवा. हौस असेल तर स्वतः बदलता येतो: प्लग काढायचा, मागचा गॅसचा व्हॉल्व्ह बंद करायचा. पट्टी कुरडईसारखी ठिसूळ असते, बोटाने दाबली तर गेली. तारांवरच्या टोप्या चिनी मातीच्याच लावा, प्लॅस्टिकच्या तिथे वितळतात. पेटण्याआधी गॅसचा उग्र वास येत असेल तर हे काहीच करू नका. घराबाहेर जाऊन गॅस कंपनीला फोन करा. (भारतातल्या वाचकांनी एलपीजी गळतीसाठी 1906 लक्षात ठेवावा.)

माझा ओव्हन बिघडला आहे का? बेबिंकाचा थर खालून करपतो, वरून पांढराच. — एक वाचक, मडगाव

बिघडलेला नाही हो. तुमच्या ओव्हनला बर्नर खालीच आहे, आणि बेबिंकाला आच वरून लागते. तुमच्या आजीने झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवले असतील, ते उगाच नव्हते. वर ग्रिल असेल तर पहिल्या थरानंतर ग्रिलच लावा. नसेल तर भांडं वरच्या जाळीवर ठेवा, खालच्या जाळीवर एक रिकामा ट्रे सरकवा, आणि शेजारी ग्रिलवाली रेंज कुणाकडे आहे का तेही विचारून ठेवा.