शिक्षक आणि समाजसुधारक असलेल्या एखाद्या मल्याळम कवीबद्दल सांगाल का?

पंडित के. पी. करुप्पन. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. मीही नोकरीसाठी कोचीला जाईपर्यंत ऐकलं नव्हतं.

जन्म १८८५, एर्नाकुलमजवळच्या चेरानल्लूरचा. घर वाला समाजातलं, म्हणजे आपल्याकडचे कोळी म्हणा. मासेमाराचा हा मुलगा कोडुंगल्लूरच्या राजघराण्यातल्या पंडितांकडे संस्कृत शिकला आणि पुढे त्याच भाषेचा मास्तर झाला. एर्नाकुलमच्या मुलींच्या सरकारी शाळेत त्यांची नेमणूक झाली, तेव्हा वरच्या जातींच्या पालकांनी गोंधळ घातला. शाळेचं नावच मुळी ‘कास्ट गर्ल्स हायस्कूल’, त्यामुळे नवल नाही. पुढे ते महाराजा कॉलेजात मल्याळम शिकवू लागले.

त्यांचं गाजलेलं काव्य ‘जातिक्कुम्मी’. काशीतल्या वाटेवर शंकराचार्यांना चांडाळ आडवा येतो आणि ‘बाजूला हो म्हणतोस ते कुणाला, देहाला की आत्म्याला?’ असं विचारतो, ही गोष्ट आपल्याला माहीत आहेच. करुप्पननी तीच घेतली, पण कुम्मीच्या चालीत. कुम्मी म्हणजे बायका फेर धरून, टाळ्या वाजवत म्हणतात ती गाणी. आपल्या भोंडल्याच्या जवळची. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यांच्याही तोंडी ते काव्य बसलं. कवी म्हणून त्यांची खरी हुशारी मला इथे दिसते.

पण मला सगळ्यात भावते ती १९१३ची सभा. पुलय ही अस्पृश्य मानलेली शेतमजुरांची जात. त्यांनी जमिनीवर सभा भरवायची सोय नव्हती. मग करुप्पन आणि कृष्णाती वगैरे पुलय पुढाऱ्यांनी कायलात, म्हणजे खाडीत, होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि सभा पाण्यावर घेतली. कोचीच्या राजाची बंदी जमिनीवर होती, पाण्यावर नव्हती! महाडला लोकांना पाण्यासाठी झगडावं लागलं ते १९२७ साली. त्याच्या चौदा वर्षं आधी इथे पाणीच उपयोगी पडलं. एर्नाकुलमच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना मला हटकून त्या हलत्या फळ्या आठवायच्या. भाषण करणाऱ्याने तोल कसा सांभाळला असेल?

पुढे एर्नाकुलमला शेतीचं प्रदर्शन भरलं. मांडलेलं पीक पुलयांच्या घामाचं, आणि त्यांनाच आत मज्जाव. करुप्पननी व्यासपीठावरूनच ही गोष्ट कोची संस्थानच्या दिवाणांच्या कानावर घातली. दिवाणांनी पुलयांना आत येऊ दिलं. हे दिवाण म्हणजे जोसेफ भोर, पुढे आरोग्याच्या ‘भोर समिती’मुळे प्रसिद्ध झालेले. जन्माने नाशिकचे, शिक्षण पुण्यात. हेही मला कोचीतच कळलं.