सोलापूरची हवा आणि आईचा दमा: कोणते महिने जपायचे

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून सोलापूरला बदली होतेय, सोबत दम्याचा त्रास असलेली आई आहे, आणि सगळे सांगतायत, ‘गिरण्या बंद पडून जमाना झाला, आता हवा चांगलीच असणार.’ हे अर्धंच खरं आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्यांचे भोंगे कधीच थांबले. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणीसुद्धा जून २०२३ मध्ये पाडली, तीही विमानांच्या वाटेत येते म्हणून. तरी २०१९ साली हवा खराब असलेल्या शहरांसाठी केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात सोलापूरही घेतलं गेलं. आता छातीला त्रास होतो तो जमिनीलगतच्या धुळीने आणि धुराने, आणि या दोघांचे महिने वेगळे आहेत.

सगळ्यात जपायचा काळ दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंतचा. आपलं आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे रात्री जमीन झपाट्याने गार होते. खालची हवा गार आणि वरची उबदार, म्हणजे शहरावर झाकण बसल्यासारखं होतं आणि वाराही पडलेला असतो. त्याच दिवसांत उसाचा गळीत हंगाम चालू, शिवारात पाचट जळतं, चौकाचौकांत शेकोट्या पेटतात आणि त्यात लाकडाबरोबर टायर, प्लास्टिकही जातं. पहाटे दार उघडलं की जळका वास घरात येतो आणि समोरच्या खांबावरच्या दिव्याभोवती धुराचं वलय दिसतं. ते धुकं समजून आईंना फिरायला पाठवू नका. हिवाळ्यात त्यांचं फिरणं ऊन चांगलं वर आल्यावर, खिडक्या उघडायच्या त्याही दुपारी, आणि दिवेलागणीआधी बंद.

मार्च ते मे धुळीचे. खणलेले रस्ते, खडीचे डंपर, रस्त्याकडेचा फुफाटा, आणि दुपारी उठणाऱ्या वावटळी. आता उलटं करायचं: खिडक्या सकाळी लवकर उघडायच्या आणि वारा सुटायच्या आत लावून घ्यायच्या. घरात कोरडा झाडू शक्यतो बंद, ओलं फडकं फिरवा. तुळजापूर रोडच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात आगी लागतात, तेव्हा त्या बाजूच्या वस्त्यांत प्रदूषणाचा आकडा काहीही दाखवो, धूर नाकाला कळतोच.

आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच गल्लत होते. आपला एक्यूआय, म्हणजे हवेचा गुणवत्ता निर्देशांक, ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसते. जो सगळ्यात वाईट, त्याचाच आकडा दाखवतात. म्हणून मे महिन्यातला दीडशे आणि जानेवारीतला दीडशे सारखे नाहीत. मेमध्ये तो बहुतेक जाड धुळीमुळे, म्हणजे पीएम १० मुळे असतो. ती बरीचशी नाकाघशात अडकते. जानेवारीत पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक कण, असतील तर ते थेट फुप्फुसात खोल जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर मुख्य प्रदूषक कोणता ते लिहिलेलं असतं, ते आधी बघा. काही खासगी ॲप अमेरिकन मोजणी दाखवतात. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्याकडे १०० दिसेल, त्यांच्याकडे दीडशेच्या वर. दोन ॲपची तुलना करून घाबरू नका.

पावसाळ्यात आकडे छान दिसतात, पण दम्याच्या माणसाने तेवढ्यावर विसंबू नये. मोकळ्या प्लॉटांत गाजरगवत फुलतं आणि त्याचे पराग अनेकांना बाधतात. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरात, तेव्हा भिंतींना ओल धरते आणि बुरशी येते. एक्यूआयमध्ये पराग आणि बुरशी मोजतच नाहीत.

घर बघताना मुख्य रस्त्याला लागून घेऊ नका. विजापूर रोड असो वा होटगी रोड, दोन गल्ल्या आत गेलं तरी फरक पडतो. पूर्व भागात घेणार असाल तर शेजारी काय चालतं ते नीट पाहा. तिथे अनेक घरांत खाली यंत्रमाग आणि वर राहणं असतं. मागाजवळच्या खिडकीच्या जाळीवर बोट फिरवलं तर कापसाची पांढरी लव हाताला लागते. काही घरांत बिडीची तंबाखू असते, तिचा खकाणा निरोग्यालाही ठसका लावतो. ही माणसं पोटासाठी त्या हवेत दिवसभर बसतात आणि त्यांच्या खोलीतली हवा कुठलंच हवा-तपासणी केंद्र मोजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या हातात निदान घर निवडणं आहे.

औषधाचं डॉक्टरच सांगतील, पण दिवाळीच्या आधी एकदा दाखवून घ्या. रोजचा पंप बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू देऊ नका. माझ्या ओळखीतले बरेच जण नेमके तिथेच अडचणीत आले. बाहेर जाताना एन ९५ मास्क, कापडी रुमालाने बारीक कण अडत नाहीत. आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आईंना जरूर दाखवा, मात्र दुपारच्या उन्हात न्या. शोभेच्या दारूकामाच्या रात्री होम मैदानाकडे नको.