नवोदित रिसीव्हरांची तुलना करण्यापूर्वी

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधील नवोदित वाइड रिसीव्हरांची (पास झेलणाऱ्या, पहिलाच हंगाम खेळणाऱ्या खेळाडूंची) एकाच वर्षी आलेली एखादी तुकडी इतिहासात कुठे बसते हे ठरवताना तुम्ही पास झेलून मिळवलेल्या एकूण यार्डांपेक्षा प्रति सामना सरासरी आधी पाहावी, कारण 1977 पर्यंत 14 सामन्यांचा असलेला हंगाम पुढे 16 आणि 2021 पासून 17 सामन्यांचा झाला. पुका नाकुआने 2023 मध्ये 1486 यार्ड मिळवून बिल ग्रोमनचा 1960 मधील 1473 यार्डांचा विक्रम मोडला खरा. मात्र नाकुआला 17 सामने मिळाले, ग्रोमनला 14 (तेही एएफएल या प्रतिस्पर्धी लीगमध्ये). ओडेल बेकहॅम ज्युनियरने तर 2014 मध्ये 12 सामन्यांतच 1305 यार्ड, म्हणजे सामन्यागणिक जवळजवळ 109 यार्ड मिळवले, आणि माझ्या मते नवोदिताचा याहून सरस हंगाम झालेला नाही. शिवाय 1978 मध्ये, चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या पाच यार्डांपलीकडे बचावपटूंनी रिसीव्हरला अडवण्यास बंदी आल्याने त्याआधीचे आकडे वेगळ्या तराजूत तोलावे लागतात.

पहिल्याच हंगामावरून तुकडीची प्रतवारी करण्याची घाई कृपया करू नका. 1996 च्या तुकडीतील टेरेल ओवेन्सने पहिल्या वर्षी अवघे 520 यार्ड मिळवले होते, आणि तोच पुढे हॉल ऑफ फेममध्ये (खेळातील दिग्गजांच्या मानाच्या यादीत) पोहोचला.