‘आता मला कोण विचारतंय?’ : सिग्नल कोरमधून रिटायर झालेल्या एका सुभेदारांबरोबरचं काम

"मॅडम, हे फौजेतून आल्यापासून नुसते बसून असतात, नाहीतर आमच्यावर ओरडत असतात, काय करू सांगा." साताऱ्यात समुपदेशक म्हणून प्रॅक्टिस करायची म्हणजे हे वाक्य ऐकायची सवय लागते. इकडे घराघरात फौजी आहेत, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. आणि फौजी रिटायर होतो तो काही अठ्ठावन्नाव्या वर्षी होत नाही, शिपाई असेल तर चाळिशीच्या आसपास आणि सुभेदार झाला तरी पन्नाशीच्या आत घरी येतो. पोरं अजून शिकत असतात, बायकोने वीसपंचवीस वर्षं एकटीने घर ओढलेलं असतं आणि हा धडधाकट माणूस ट्रंक घेऊन दारात उभा राहतो, आता कायमचा. पहिले दोनतीन महिने सत्यनारायण, जेवणावळी, पाहुणे यात जातात. नंतर जे सुरू होतं त्याबद्दल हल्ली महिन्याला दोनतीन जणी तरी येऊन विचारतात, म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं. खालची गोष्ट ज्यांची आहे त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

हे साहेब सिग्नल कोरमधून, म्हणजे फौजेचे फोन-रेडिओ सांभाळणाऱ्या विभागातून, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ट्रेनिंग गोव्याच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरला, नंतर राजस्थान, जम्मू, लेह, मधे महूला कोर्स. लाईनमन म्हणून भरती झाले आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंज, रेडिओ सगळं बघितलं. आधी त्यांच्या मिसेस एकट्या येऊन गेल्या. नंतर साहेब आले, खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "जी मॅडम, मला काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम घरच्यांना आहे."

मी म्हटलं, "मग घरच्यांचा प्रॉब्लेम तुम्ही सांगा."

त्यांनी अगदी रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. सकाळी पाचला उठतो, सहाला सगळ्यांना उठवतो, कुणी उठत नाही. किचनमधले डबे लेबल लावून लावले, दुसऱ्या दिवशी परत होते तसे. मुलगा विचारल्याशिवाय बोलत नाही. एका ठिकाणी सिक्युरिटीची नोकरी धरली होती, तिथे पंचवीस वर्षांचा सुपरवायझर अरे-तुरे करायचा, सोडून दिली. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिकडं माझ्याशिवाय पान हलत नव्हतं मॅडम. आता मला कोण विचारतंय?"

हे वाक्य रिटायर होणारा प्रत्येक माणूस म्हणतो. तहसील ऑफिसचा क्लार्क म्हणतो, हेडमास्तर म्हणतात. अशा वेळी आजूबाजूचे लोक लगेच उपाय सांगायला लागतात की काहीतरी छंद लावून घ्या, वॉकला जा, भजनी मंडळात जा. मी ते करत नाही. माझी पद्धत विवेकनिष्ठ आहे, म्हणजे माणसाला जे दुःख होतंय ते नुसत्या घटनेमुळे होत नाही, त्या घटनेतून त्याने स्वतःबद्दल जो निष्कर्ष काढलाय त्याचं होतं, असं मी मानते आणि इतक्या वर्षांत मला याचा पडताळा आलाय. तो निष्कर्ष सापडेपर्यंत छंद, वॉक, भजन वगैरे सगळं वरवरचं.

तर निष्कर्ष शोधायला वेळ गेला. मधल्या काही भेटीत एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. त्यांच्या गल्लीत निम्मे मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे पायदळातले. चहाच्या टपरीवर फौजेच्या गप्पा निघाल्या की बाकीच्यांकडे सांगायला चढाई असते, चकमक असते, यांच्याकडे काय? "तुम्ही काय बुवा, फोनवाले, ते पण गोव्यातले", असं कुणीतरी चेष्टेत म्हणतं आणि सगळे हसतात. घरातल्या मुलाने पण लहानपणी एकदा विचारलेलं, पप्पा तुम्ही किती शत्रू मारले, आणि यांना उत्तर देता आलं नव्हतं. हे सांगताना त्यांनी खिडकीकडे बघितलं. इतक्या वर्षांपूर्वीचा प्रश्न अजून तिथेच होता.

मी त्यांना म्हटलं, मला फौजेतलं काही कळत नाही, लाईनमनचं काम काय असतं ते मला पहिल्यापासून समजावून सांगा. तिथे माणूस बदलला. माझ्या टेबलावरचा चार्जर उचलून त्यांनी दाखवायला सुरुवात केली. १९९९ ला ते द्रासकडे होते. जमिनीवरून टाकलेली टेलिफोनची केबल शेलिंगमध्ये तुटायची, खेचराच्या पायात अडकून तुटायची, गाडीखाली यायची. तुटली की दोनतीन जणांची लाईन पार्टी निघायची, रात्री टॉर्च लावायचा नाही म्हणून केबल हातातून सरकवत सरकवत चालायचं. मधे मधे थांबून आपला फोन त्या केबलला लावायचा, मागे एक्स्चेंजला रिंग द्यायची. मागून उत्तर आलं म्हणजे इथपर्यंत लाईन ठीक, फॉल्ट पुढे आहे. असं करत करत तुटलेलं टोक हाताला लागतं, मग दुसरं टोक शोधायचं, ते कधी कधी शंभर फूट लांब उडालेलं असतं. आधी दोन्ही टोकांची गाठ मारायची म्हणजे ताण गाठीवर येतो, मग वरचं कव्हर सोलून आतल्या तारा पिळायच्या, वरून टेप. थंडीत बोटं चालत नाहीत, हातमोजा घालून तार पिळता येत नाही, म्हणून तो काढावाच लागतो. आणि शेवटी परत दोन्हीकडे रिंग देऊन बघायचं.

मी विचारलं, "लाईन जोडली की तिकडून कुणी शाबासकी द्यायचं?"

"छे. साहेब लोक एकमेकांशी बोलायला लागायचे, आम्ही पुढे निघायचो."

"आणि ज्या दिवशी चोवीस तास लाईन व्यवस्थित चालली त्या दिवशी?"

"त्या दिवशी कोण फोन करणार मॅडम? सिग्नलवाल्याला फोन येतो तो लाईन बंद पडल्यावर. सगळं चालू असेल तर आम्ही आहोत हे पण कुणाला आठवत नाही."

"मग त्या दिवशी तुम्हाला वाटायचं का, की मला कोण विचारतंय, मी बिनकामाचा आहे?"

ते काहीतरी बोलायला लागले आणि थांबले. बराच वेळ गेला. मी पण काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं हातातून जातं, हे मी माझ्या ज्युनियर मुलींना कायम सांगते. मग ते हळूच म्हणाले, "नाही. तसं कधीच वाटलं नाही. मला माहीत असायचं ना, लाईन चालू आहे ते."

"तुम्हाला माहीत असायचं, तेवढं पुरायचं?"

"पुरायचं."

मला विचाराल तर सगळं काम त्या पाच मिनिटांत झालं, बाकी सगळं त्याच्या आगेमागे. बघा, हा माणूस माझ्याकडे आला तो असं धरून की मला किंमत होती कारण लोक मला विचारत होते, आणि आता विचारत नाहीत म्हणून किंमत संपली. पण त्याच्या स्वतःच्या नोकरीचा पुरावा बरोब्बर उलटा होता. अठ्ठावीस वर्षं त्याला कुणी विचारलं नाही तेव्हाच त्याचं काम उत्तम चाललेलं होतं आणि ते त्याला आतून ठाऊक होतं, बाहेरून कुणी सांगावं लागत नव्हतं. सिग्नल कोरचं ब्रीदच आहे ‘तीव्र चौकस’, त्यात शौर्य नाही, विजय नाही, नुसतं जलद आणि सावध असणं आहे. १९११ पासून ही कोर दुसऱ्याचा निरोप दुसऱ्याकडे पोचवतेय आणि निरोपात पोचवणाऱ्याचं नाव कधीच नसतं. हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला रिटायरमेंट जड जायचं काही कारण नाही, उलट ही शिदोरी फार थोड्या लोकांकडे असते. वर्दीबरोबर ती ट्रंकेत गेली होती एवढंच. आणि मला अभिमान वाटतो की हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीच मला सांगितलं.

मग मी त्यांना घरचा अभ्यास दिला. आठवडाभर रोज एक उपयोगाचं काम करायचं, पण कुणाला सांगायचं नाही, घरात सुद्धा नाही. पुढच्या वेळी आले ते जरा खुशीत. देवळातला माईक वर्षभर घरघर करत होता, दुपारी कुणी नसताना जाऊन वायरचा जोड नीट करून आले. संध्याकाळी आरती स्वच्छ ऐकू आली, कुणाच्या लक्षात पण आलं नाही. "मी मागे उभा होतो मॅडम, मजा आली."

तिथून गाडी पुढे सरकली. शेजारच्या एक आजी, यजमान फौजेत होते, त्यांची पेन्शन थांबलेली. आता डिफेन्सची पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाईन सिस्टिमवर आहे आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आजींचं आयुष्य शेतात गेलेलं, बोटांचे ठसे झिजलेले, मशीन अंगठा घेतच नव्हतं, दोनदा तालुक्याला हेलपाटा झालेला. साहेबांनी त्यांना खिडकीच्या उजेडात बसवलं आणि मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाईन हयातीचा दाखला, करून दिला. मग दुसऱ्या एक जणी आल्या, त्यांचं नाव फौजेच्या रेकॉर्डला माहेरचं आणि आधारवर सासरचं. ही भानगड आपल्याकडे सर्रास असते कारण लग्नात नाव बदलतात आणि ते पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे फौजेतल्या अधिकृत नोंदीत, लागलेलंच नसतं. साहेबांना कुठला कागद रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि कुठला प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसला हे तोंडपाठ. बघता बघता ग्रामपंचायतीच्या एका खोलीत आठवड्यातून दोन सकाळी ते बसायला लागले.

मधे एकदा मात्र तणतणत आले. महिनाभर ज्या बाईंच्या केसमागे लागले होते त्यांचं काम झालं आणि त्या गावभर सांगत होत्या की अमक्या पुढाऱ्यांनी करून दिलं. म्हणाले, "बंद करतो हे सगळं."

मी एवढंच विचारलं, "लाईन जोडली का?"

"जोडली."

"पलीकडे आवाज गेला का?"

ते हसायला लागले. "गेला मॅडम. पेन्शन जमा झाली."

हे मुद्दाम लिहिलं, कारण सेवेचं काम करणाऱ्या रिटायर्ड लोकांचं बहुतेक इथेच मोडतं. नोकरीत मिळणारा सलाम आता समाजसेवेत मिळेल अशी आत कुठेतरी आशा असते, तो मिळत नाही, मग ‘लोक कृतघ्न आहेत’ म्हणून माणूस परत घरात येऊन बसतो आणि आधीपेक्षा जास्त कडवट होतो. म्हणून मी आधी विचार दुरुस्त करायला लावते आणि मग काम शोधायला सांगते. उलट्या क्रमाने केलं तर काही महिन्यांचाच उत्साह असतो.

साहेबांनी पुढे हौशी रेडिओचं, म्हणजे ज्याला हॅम म्हणतात त्याचं लायसन्स काढलं. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा असते, तर मुलाबरोबर टेबलाला बसून अभ्यास केला. मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा, तो त्यांना सर्किट समजावून सांगायचा. बापलेकांचं बोलणं तिथे सुरू झालं, मी त्यासाठी वेगळं काही केलं नाही. भूजला २००१ च्या भूकंपात फोन बंद पडल्यावर हॅमवाल्यांनी निरोप पोचवले होते हे त्यांना माहीत होतं. आणि आपल्याकडे २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या ते तर सगळ्यांनी बघितलंय. लाईट गेली की मोबाईलचा टॉवर बॅटरी असेपर्यंतच चालतो, रस्ता बंद म्हणजे डिझेल पोचत नाही. आता ते कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांना सेटवर कसं बोलायचं ते शिकवतात, बटण दाबण्याआधी ऐकायचं, निरोप छोटा करायचा, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा.

आता घरच्यांसाठी थोडं. पहिलं म्हणजे, सहा महिने तरी ‘बसून काय करता’ हे वाक्य बंद करा, त्या माणसाच्या मनात ते आधीच चालू असतं. सिक्युरिटीची नोकरी लगेच गळ्यात मारू नका, पैशाची गरज असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसतं घराबाहेर काढायला म्हणून नको. आणि फौजी बंधूंनो, तुम्ही नव्हता तेव्हा ते घर कुणीतरी चालवत होतं. त्याचे डबे कुठे ठेवायचे हे तिला ठरवू दे. एक काम मागून घ्या, एकच, आणि ते तिच्या पद्धतीने करा. आमच्या साहेबांनी लाईटबिल आणि गॅस मागून घेतला, तेवढ्याने मिसेसचा निम्मा राग गेला.

नातेवाईकांनी अजून एक करावं. त्यांना शत्रू किती मारले ते विचारू नका, तुमचं रोजचं काम काय होतं, हाताने काय करायचात ते विचारा आणि मधे न बोलता ऐका. ड्रायव्हर असेल, स्वयंपाकी असेल, नर्सिंग असिस्टंट असेल, प्रत्येकाच्या कामात त्याची शिदोरी असते आणि पुढचं सेवेचं काम बहुतेक वेळा तिथूनच निघतं.

पण झोप उडाली असेल, रात्री दचकून उठत असतील, दारू वाढली असेल, मारहाण होत असेल, किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असतील तर मग हे सगळं बाजूला ठेवा, समाजसेवा हा त्यावर इलाज नाही. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफर करून घ्या, रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. आणि जे बरे आहेत पण कुठून सुरुवात करायची कळत नाही त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावं की आपल्या तालुक्यात कुणा वीरपत्नींचे, वीरमातांचे पेन्शनचे कागद अडकलेत का. जाताना डिस्चार्ज बुक आणि चष्मा बरोबर ठेवा, पहिल्याच दिवशी फॉर्म भरायला लावतात.